तळाशी ठेवलेली बशी

"बशी दिसली काय ओ?"

त्या दिवसांत आमच्या घरी सकाळ या प्रश्नाने उजाडायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, चूळसुद्धा न भरता परसात जायचे, हौदाच्या काठावर ओणवे व्हायचे आणि पाण्यात टक लावून बघायचे. आई आतून, पलंगावरून विचारायची. अण्णा पायरीवर चपला आपटून माती झाडत म्हणायचे, "उद्या दिसात." मग चहा व्हायचा. निळी रेघ असलेल्या चिनी मातीच्या सेटमधली एक बशी हौदाच्या तळाशी गेली होती, त्यामुळे एका कपाला बशी नसायची, आणि तो कप हटकून माझ्या वाट्याला यायचा. मी कुरकुरले की विलासदादा म्हणायचा, "गप पी ना. तुला कुठे बशीत ओतून फुर्र करायचंय?" घरात दुखणं असलं म्हणून चहावरून भांडणं थांबत नाहीत. उलट जास्तच होतात.

हौद म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर बोरिवलीत आमच्या घरी स्विमिंग पूल होता म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. दादाने हा पराक्रम कॉलेजात करून बघितला होता. "आमच्याकडे पूल आहे" असं सांगून मित्रांना घरी आणलं. ती मंडळी आमच्या कौलारू दोन खोल्या, पडवी, शेवग्याचं झाड आणि कोंबड्यांचं खुराडं ओलांडून मागे आली, हौद बघितला, आणि वर्षभर त्याला 'पूलवाला' म्हणत राहिली. अण्णा गिरणीत रंगखात्यात होते. बोरिवलीला कुणी फुकट दिली तरी जमीन घेत नव्हतं तेव्हा त्यांनी तो तुकडा घेऊन ठेवला होता. गिरणी बंद पडल्यावर आम्ही परळची खोली सोडून तिथे राहायला आलो, आणि अण्णा अंधेरीच्या एका लहानशा रंगाच्या कारखान्यात जाऊ लागले. परसात विहीर होती, तिच्यावर मोटर. विहिरीला लागून अण्णांनी गवंडी लावून हौद बांधून घेतला. आतून फुटक्या पांढऱ्या लाद्यांचे तुकडे बसवलेले, एका बाजूला उथळ, दुसऱ्या बाजूला माणसाच्या छातीइतका खोल, उतरायला रुंद आणि अगदी बुटक्या पायऱ्या, धरायला लोखंडी पाइप. पायऱ्या तेवढ्या बुटक्या, कारण आईचा गुडघा त्याहून वर उचलत नव्हता. हौद तिच्यासाठीच बांधला होता.

आईला संधिवात होता. म्हातारपणी सगळ्यांना होतो तसला नव्हे, तिची चाळिशीही नीट उलटली नव्हती. बोटं एका अंगाला वळलेली, सकाळी मूठ उघडायची म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यात हात धरून बसावं लागायचं. तिचं माहेर मालवणकडे, नदीच्या अगदी काठावर. ती चालायला आणि पोहायला एकदमच शिकली असं मामा सांगायचा. दुपारी मागचं आवरलं की ती जुनं पातळ कासोटा घालून नेसायची आणि हौदात उतरायची. पहिल्या पायरीवर कण्हायची, दुसरीवर गप्प व्हायची, आणि पाणी कमरेला लागलं की तिचा चेहराच बदलायचा. हात लांब व्हायचे, मान सैल पडायची. उताणी पडून ती पाण्यावर राहायची, केस पसरायचे, आणि भजनाच्या चाली गुणगुणायची. मी काठावर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायचे आणि एक अक्षर वाचायचे नाही. कुंपणापलीकडच्या बायका बघायच्या. एकदा एकीने विचारलं, "काय हो वहिनी, ह्या वयात पोहणं?" आई पाण्यातूनच म्हणाली, "मग काय मेल्यावर पोहू?" त्यानंतर त्या बाईने कुंपणाशी कपडे वाळत घालणं सोडलं.

अण्णा मात्र कधी पाण्यात उतरले नाहीत. लहानपणी त्यांच्यादेखत त्यांचा थोरला भाऊ गावच्या खाडीत बुडाला होता. जुहूला गेलो तर ते वाळूत आमच्या चपला राखत बसायचे आणि आम्ही घोटाभर पाण्यात गेलो तरी हाका मारायचे. पण हौदाची चाकरी त्यांचीच. मच्छरदाणीचा तुकडा बांबूला शिवून केलेल्या जाळीने पानं काढायची, ब्लीचिंग पावडर फडक्यातून गाळून सोडायची, लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासायच्या. सगळं काठावरून. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "या गोळ्यांनी त्यांचं अंग नाजूक झालंय. साधी जखम चिघळेल. स्वच्छ पाणी असेल तर रोज उतरू द्या. घाण पाण्यात पायसुद्धा नको." अण्णांनी ते वाक्य गाठ मारून ठेवलं. सरळ माणसाला एकदा एखादी गोष्ट पटली की त्याच्यासारखा हट्टी दुसरा नाही.

आमचा गणपती पाच दिवसांचा, शाडूचा. गावाकडे देव पाण्यात घेऊन जायचं काम पुरुषांचं. आमच्याकडे अण्णांची ही तऱ्हा, त्यामुळे गोराईच्या खाडीवर अण्णा आरतीचं ताट घेऊन काठावर उभे राहायचे आणि आई मूर्ती घेऊन पाण्यात शिरायची. लोक बघायचे, आईला त्याचं काही नसायचं. त्या वर्षी मात्र खाडीपर्यंत जाणं तिच्यानं होणार नव्हतं. आदल्या वर्षी रिक्षाच्या धक्क्यांनी ती आठवडाभर झोपून होती. उकडीच्या मोदकांना कळ्या पाडणंही त्या वर्षी माझ्यावर आलं. ती शेजारी बसून सांगायची, "अंगठो आत घे, आत, फाडू नको," आणि माझे मोदक बघून हसायची. दादा म्हणाला, "आई, मी नेतो खाडीवर. एवढा मोठा झालोय ना मी." आई म्हणाली, "तुज्या बापाशीक विचार, आजवर कोणी पोचयलो देव. मी पोचयतंय. हौदात."

मालाडहून नमूआत्या आली होती, अण्णांची बहीण. ती उखडलीच. "अगो, देवाक काय न्हाणीच्या पाण्यात सोडतत?" आई म्हणाली, "गावाक बावीत सोडतत मां? ह्या बावीचाच पाणी." आत्याने परसातल्या विहिरीकडे बघितलं. मग तिने अण्णांकडे बघितलं. अण्णांचा जन्म पाण्यात रंग कालवण्यात गेला होता, शाडू पाण्यात काय करतो हे त्यांना ठाऊक होतं. पण आईने कितीतरी महिन्यांत काही मागितलं नव्हतं. ते नुसते म्हणाले, "होयत तसा."

ऊन उतरलेलं होतं. हौदाच्या काठावर पाट मांडला, आरती झाली, आणि अण्णांनी गाऱ्हाणं घातलं. एरवी ते गाऱ्हाणं घालायचे ते सगळ्या गणगोताचं, दादाच्या परीक्षेपासून माडाच्या किडीपर्यंत सगळं त्यात यायचं. त्या दिवशी फार लांबवलं नाही. "बा देवा म्हाराजा, काय चुकला माकला आसात तर पोटात घे. हिच्या सांध्यांक जरा ढील दी. हिका आपल्या पायार चलांदे." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा." आईसुद्धा म्हणाली. मग ती उतरली, दादाने मूर्ती तिच्या हातांवर दिली, वाकड्या बोटांनी तिने ती छातीशी धरली आणि खोल बाजूला चालत गेली. पाण्यात तिला चालता यायचं ना. देवाला तिने तीन वेळा बुडवलं आणि सोडलं. पाठोपाठ आम्ही हार, दुर्वा, पत्री, दहीपोह्यांची शिदोरी, सगळं सोडलं. रीतच तशी. आई बाहेर आली तेव्हा ओलीचिंब होती आणि रडत होती, पण चांगली रडत होती. रात्री काळ्या वाटाण्याची आमटी होती आणि ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी हौद चहाच्या रंगाचा झाला. शाडूची माती इतकी बारीक की खाली बसायला तयारच नाही. अण्णांनी फुलं, पानं जाळीने काढली, पण दहीपोहे कसे काढणार? भाद्रपदाचं ऊन कडकडीत पडलं होतं. आठवडा झाला नसेल तोवर भिंतींवर हिरवा थर धरला, आणि मग पाणीच हिरवं झालं, हात घातला तर बुळबुळीत. दादा म्हणाला, "सोप्पं आहे. मोटर लावू, सगळं गटारात उपसू, नवीन भरू. एका दिवसाचं काम." विहीर काठोकाठ भरलेली होती, त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आई पलंगावरून म्हणाली, "देव विरघळलो हा त्यात. गटारात सोडतलात?"

त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. आता विचार करते तर वाटतं, दोन हट्ट समोरासमोर उभे राहिले. आई पाणी सोडू देईना, आणि अण्णा पाणी नितळ झाल्याशिवाय तिला उतरू देईनात. दोघंही एकमेकांवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर एखादा मोडला असता.

मग बशी आली. रंगखात्यात पाणी नितळलं की नाही ते पिंपात पांढरी बशी सोडून बघायचे म्हणे. अण्णांनी फळीवरची बशी घेतली आणि दादाला खोल बाजूला उतरवून ती तळाशी ठेवायला लावली. "काठावरून तिची निळी रेघ दिसली की तू उतर," ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "जोडातली बशी घालवलात," आणि कुशीवर वळली.

अण्णांनी काय नाही केलं. कारखान्यातून आले की कपडे न बदलता हौदावर. आधी ब्लीचिंग पावडर. घाईघाईत ती जास्त पडली, शेवाळ मेलं, पण पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि घरभर असा वास सुटला की आमचे डोळे चुरचुरायचे. मग तुरटी. बादलीत विरघळवून ती हौदभर शिंपडायची, आणि मग पाण्याला हातही लावायचा नाही. "पाण्याक निजांदे," अण्णा म्हणायचे. कोंबडी काठावर गेली तरी ते काठी घेऊन धावायचे. माती हळूहळू कापसाच्या बोंडांसारखी जमून खाली बसली. आईची अट राखून तो गाळ नळीने ओढायचा होता. रबरी नळी बांबूला बांधायची, तिचं दुसरं टोक तोंडाने ओढायचं, आणि गाळाचं पाणी परसातल्या माडाच्या आळ्यात सोडायचं. ओढताना अण्णांच्या तोंडात कितीदा ते पाणी गेलं असेल. माडाला चालेल का विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "माडात जाऊंदे. फळात येयत." एकदा दादाने घाई करून तळाशी ब्रश फिरवला, सगळा गाळ पुन्हा वर आला, आणि अण्णा नळी गुंडाळून ठेवून पडवीत जाऊन बसले. मला वाटतं दादाला त्यापेक्षा एक थोबाडीत परवडली असती.

इकडे आई आखडत चालली होती. सुरुवातीला ती भिंत धरून परसदारापर्यंत यायची. मग दाराशी खुर्ची लागली. मग खुर्ची पलंगाशी आली. मी घंगाळात पाणी तापवून तिच्या अंगावर घालायचे, अण्णा तेल चोळायचे. पण तांब्याने ओतलेलं पाणी वेगळं आणि अंगाला चहूकडून धरून ठेवणारं पाणी वेगळं. हे मला आत्ता कळतंय. मी मुलुंडला राहते, आमच्या सोसायटीत पूल आहे, चांगला ऐसपैस, आणि माझ्या गुडघ्यांसाठी लेक मला तिथे पिटाळते. एक मुलगा येतो, बाटलीत पाणी घेतो, दोन थेंब टाकून रंग बघतो आणि म्हणतो, "ओके आहे मॅडम, जा बिनधास्त." तरी मी काठावर उभी राहून आधी तळ बघते. त्याला वाटतं म्हातारी घाबरते.

नवरात्र सरत आलं तेव्हा बशी दिसू लागली. रेघ नव्हे, नुसता पांढरट डाग. त्या दुपारी अण्णांना सुटी होती. आई कुणाला हाक न मारता उठली. पलंग, दार, दोरी, कठडा असं धरत धरत ती काठापर्यंत आली, तिला तिथपर्यंत यायला किती वेळ लागला देव जाणे. मी पत्र्यावर मिरच्या वाळत घालत होते, मला ती दिसली तेव्हा ती काठावर बसून पाय पाण्यात सोडत होती. अण्णा नळी टाकून धावत आले.

"माका दिसता," आई म्हणाली.

"रेघ दिसता?"

"बशी दिसता."

"रेघ दिसाक व्हयी."

"ओ, माका वाईच उतरू द्या. वाईच." तिने आयुष्यात त्यांच्याकडे अशी विनवणी केलेली मी ऐकली नव्हती. "नदीत काय बशी टाकून बघी होतंय?"

अण्णा तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी तिचे पाय पाण्यातून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले, खांद्यावरचा पंचा काढला आणि पुसायला लागले. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, घोटे. जखम कुठे नाही ना ते बघत होते. "चार दिस," ते म्हणाले, "फक्त चार दिस कळ काढ. मगे रोज उतर." आई त्यांच्या डोक्यावरून हौदाकडे बघत होती. तिने पाय ओढून घेतले नाहीत. त्यांनी आणि मी मिळून तिला घरात नेलं.

त्याच रात्री परतीचा पाऊस आला आणि अंगणातली सगळी लाल माती हौदात. बशी गेली. अण्णांनी सकाळी बघितलं आणि पुन्हा तुरटीची बादली भरायला घेतली. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता येत नाही, पण तेव्हा आला होता, आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही.

दिवाळीला आत्याने येऊन चकल्या केल्या. आई अंथरुणातच होती. फराळ झाल्यावर अण्णा हौदावर गेले आणि एकदम धावत आत आले. त्या माणसाला घरात धावताना मी तेवढंच एकदा बघितलं. "दिसली गो," ते दारातूनच म्हणाले. "रेघ दिसता. अगदी सगळी रेघ. चल."

आम्ही बाहेर जाऊन बघितलं. खरंच, पाणी असं झालं होतं की हौद रिकामा वाटावा. तळाचे लादीचे तुकडे, फटी आणि बशीची निळी गोल रेघ. दादाने मला कोपराने ढोसलं, आम्ही दोघं हसलो. आत आलो तर अण्णा आईच्या उशाशी बसले होते. तिला बसती करायचा प्रयत्न करून झाला होता. तिचे गुडघे आता सरळ होत नव्हते आणि छातीत कफ वाजत होता. ती अण्णांकडे बघून म्हणाली, "दिसली मां? बरा झाला." मग थोडा दम खाऊन, "आता ती काढून ठेवा. जोडातली आसा."

मार्गशीर्षात ती गेली. हॉस्पिटलात, छाती भरून. डॉक्टर अण्णांना म्हणाले, तुम्ही फार काळजी घेतलीत. अण्णांनी हात जोडले. ते वाक्य त्यांना कुठे लागलं असेल ते मला पुढे कळलं.

त्यानंतर अण्णांनी हौदात पावडरीचा कण टाकला नाही, आणि तळाची बशीही कुणी काढली नाही. जाळी खुराड्याच्या छपरावर पडून राहिली. थंडीत पाणी तग धरून होतं, शिमग्याच्या सुमारास ऊन तापलं आणि ते पुन्हा हिरवं झालं, गणपतीनंतर झालं होतं त्याहून हिरवं, वर शेवाळाचे तवंग. बेडूक आले. शेजारणीने निरोप पाठवला, डास होतात, एक तर उपसा नाहीतर बुजवा. दादा म्हणाला, "मी मोटर लावतो, अण्णा." अण्णा म्हणाले, "ऱ्हवांदे."

एका रविवारी दुपारी मी त्यांना चहा दिला. आई गेल्यापासून घरात माझं लक्ष नसायचं, त्या दिवशी बिनबशीचा कप चुकून त्यांच्यासमोर गेला. त्यांनी कप उचलला आणि खाली बघितलं. कप परत ठेवला. मग उठून परसात गेले. मला वाटलं चिडले. मी दुसरी बशी घेऊन मागोमाग गेले.

ते हौदाच्या पायऱ्या उतरत होते. अंगात सदरा, लेंगा तसाच. एका हाताने पाइप घट्ट धरलेला, त्या हाताच्या शिरा मला लांबूनही दिसत होत्या. घोटे गेले, गुडघे गेले. आईसाठी बांधलेल्या त्या बुटक्या पायऱ्यांवर ते प्रत्येक वेळी दोन्ही पाय टेकत होते. शेवटच्या पायरीवर पाइप संपतो. तिथे ते थांबले, डोळे मिटून घेतले आणि पाइप सोडला. हिरवं पाणी बाजूला सारत ते खोल बाजूला गेले, छातीपर्यंत, पायाने तळ चाचपडत. मग नाक दाबलं आणि खाली गेले. वर नुसतं शेवाळ हलत राहिलं. मी काठावर गुडघ्यांवर बसले. ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात बशी होती.

त्यांनी ती सदऱ्याला पुसली. रेघ दिसेपर्यंत पुसली. केसांतून, भुवयांवरून हिरवं पाणी निथळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. तसेच छातीभर पाण्यात उभे राहून त्यांनी एकदा आपल्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय होणा नाय गो, शैले," ते म्हणाले. "बघ. काय्येक झाला नसता तिका."

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातात बशी दिली आणि ते तिथेच उभे राहिले.